दोन यमुना

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. वर्षभर ती कोणी वापरीत नाही. स्टीलने त्यांचा केव्हाच पराभव केला आहे. तरी दिवाळीत त्यांना चिंच-मीठ लावून लख्ख केल्याशिवाय घरातल्या माणसांना सण आल्यासारखे वाटत नाही. माझ्या वाट्याला काम येते ते शिडी धरण्याचे. यंदा शिडीवर माझी मुलगी चढली होती. तिने एक डबा माझ्या हाती देण्यासाठी पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. झाकणावरची धूळ तळहाताने पुसून तिने अक्षरे वाचली आणि विचारले,

"बाबा, ही कोण?"

मी चष्मा लावून पाहिले. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी एक नाव घातलेले होते. माझ्या आईचे माहेरचे नाव. आजोबांनी मुलीला द्यायची भांडी घेतली आणि दुकानातच तिचे नाव घालून घेतले. सासरी तिचे काय नाव ठेवणार, हे त्या दुकानदाराला कुठून ठाऊक असणार? लग्न झाले, आईचे नाव बदलले आणि जुने नाव तेवढे डब्यावर राहिले.

"पण आजीचं नाव हे नव्हतं," मुलगी म्हणाली.

"हेही होतं."

"मग हे कुठे गेलं?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. मला सन विचारावेत, लढाया विचाराव्यात, तहाची कलमे विचारावीत. नाव कुठे जाते, हे क्रमिक पुस्तकात नाही. शिवाय मी फावल्या वेळात कादंबऱ्याही लिहितो. या दोन्ही धंद्यांत नावे ठेवण्याची सवय फार; वर्गात मुलांना ठेवायची आणि घरी पात्रांना. त्यामुळे नावाचा प्रश्न निघाला, की मी जरा चपापतो. त्याचे कारण पुढे सांगणारच आहे. आधी इतिहासाकडे वळू.

आपण कोणाला तरी आवडावे म्हणून माणूस काय काय बदलतो! तरुणपणी भांग बदलतो, अक्षर बदलतो, न आवडणारी कारल्याची भाजी मिटक्या मारीत खातो. हे सोंग बहुधा लग्नानंतर सहा महिन्यांत उतरते आणि दोघेही सुखी होतात. परंतु एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या काही मुलींना नवऱ्यासाठी जे बदलावे लागले, ते इतक्या स्वस्तात उतरण्यासारखे नव्हते. नाव बदलले, बोलणे बदलले, न पाहिलेली अक्षरे शिकावी लागली आणि त्यापायी घरादाराची बोलणी खावी लागली. नवरा त्यांनी निवडलेला नव्हता. आधी लग्न झाले, मग पाटी आली, आणि प्रेम आले ते या पाटीच्या मागून.

यातल्या दोघींचे माहेरचे नाव एकच होते. यमुना.

पहिली यमुना कल्याणच्या जोश्यांची. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यातला नोकर, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. आडनाव माहेरी जोशी आणि सासरीही जोशीच. तेवढे एक शाबूत राहिले. गोपाळरावांनी लग्नाच्या वेळी अट घातली होती, की मुलीला मी शिकवीन आणि कोणी आड यायचे नाही. यमुनेची आनंदी झाली आणि अभ्यास सुरू झाला.

हा अभ्यास गोड नव्हता. मुलगी पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमलेली दिसली, की गोपाळरावांचे पित्त खवळे. बायको स्वयंपाक करीत नाही म्हणून मारणारे नवरे त्या काळी गल्लोगल्ली होते. बायको शिकत नाही म्हणून मारणारा हा एकच असावा. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाईंनी या दिवसांची आठवण काढली आहे. लाकडाचे तुकडे, भिरकावलेली पुस्तके आणि खुर्च्या, टाकून देण्याच्या धमक्या, हे सारे त्यांच्या ध्यानात होते. आणि त्याच नवऱ्याने आपल्याला उभे केले, हेही त्या विसरल्या नव्हत्या. या वागण्याला चांगले म्हणावे की वाईट, याचा निवाडा त्यांना सोपा वाटला नाही. आपणही तो घाईने करू नये.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, ही गोष्ट इथवर गोपाळरावांच्या डोक्यातली एक कल्पना असेल. त्यानंतर ती आनंदीबाईंची स्वतःची झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्या भरसभेत उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेस का जाणार हे त्यांनी सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असे त्यांनी लोकांना वचन दिले. वय अठराही पुरे नव्हते. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता.

आणि मग एक छोटी, पण माझ्या मते फार मोठी गोष्ट घडली. अमेरिकेच्या थंडीत नऊवारी लुगड्याने पाय उघडे राहतात आणि तिकडच्या लोकांना ते बरे दिसत नाही, म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. गोपाळरावांना हे आवडणार नाही याची त्यांना कल्पना होती, म्हणून त्यांनी पत्रातून कारणे समजावून लिहिली. गंमत पाहा. ज्या माणसाने तिचे नाव बदलले, वाचन बदलले, सारे आयुष्य बदलले, त्याला तिने आपल्या मनाने लुगडे नेसण्याची रीत बदलावी हे रुचेना. तरी तिने ती बदलली. मला वाटते, त्या दिवशी आनंदी हे नाव पहिल्यांदा तिचे झाले.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. परंतु क्षयाने त्यांना गाठले होते. परत आल्यावर थोड्याच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याच्या आत त्या पुण्यात वारल्या. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. तेही 'जोशी'. यमुनाही नाही आणि आनंदीही नाही.

दुसरी यमुना देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची, जन्म १८६२ चा. अकराव्या वर्षी, १८७३ साली तिचे लग्न झाले ते महादेव गोविंद रानडे यांच्याशी. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली. हे गृहस्थ विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांनी एखाद्या विधवेशी लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा. परंतु वडिलांचे मन मोडवेना म्हणून त्यांनी स्वतःचे मत मोडले आणि अकरा वर्षांच्या मुलीला घरी आणले. आपल्या माणसासाठी स्वतःला बदलणे हे केवळ बायकांच्याच नशिबी असते असे नाही, एवढ्यासाठी हे नमूद केले. फरक एवढाच, की माधवराव बदलले त्याला लोक मोह म्हणाले. यमुना बदलली त्याला संस्कार म्हणाले.

यमुनेची रमा झाली. माधवाची रमा, जोडी शोभली! तिला अक्षरओळख नव्हती. लग्न होताच माधवरावांनी पाटी-पेन्सिल आणून तिला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, पुढे इंग्रजी. हा मास्तर कधी हात उगारणारा नव्हता, आवाजही चढवणारा नव्हता. पण घरात सासू-नणंदांचा गोतावळा मोठा होता. दिवसा या बायका टोमणे मारीत, की शिकून मडमीण होणार आहेस का? आणि रात्री नवरा धडा विचारी. बायकांच्या बोलण्याला भिऊन रमाबाईंनी कधी माघार घेतली, तर माधवराव रागावत नसत. ते बोलत नसत. तो अबोला रमाबाईंना माराहून जड जाई. शाळामास्तर या नात्याने मी ग्वाही देतो, की छडीपेक्षा अबोल्याने मुले लवकर शिकतात. ते बरे की वाईट, हा प्रश्न निराळा.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे. पुढे हे दांपत्य कामानिमित्त कलकत्त्यास राहिले, तेव्हा तिथली बंगाली भाषा दोघांनाही येत नव्हती. बायकोला शिकवायचे तर आपल्याला यायला हवे, म्हणून माधवरावांनी पुस्तके आणली. न्हाव्याच्या पुढे दाढीला बसल्या बसल्या हा विद्वान न्यायाधीश मोठ्याने बंगाली वाची आणि न्हावी उच्चार सुधारून देई. ते ऐकून रमाबाईंना हसू आवरेना. ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. माझ्या मते त्या घरातला सर्वांत प्रेमळ प्रसंग हाच. तोवर बायको नवऱ्यासाठी शिकत होती. त्या दिवशी नवरा बायकोसाठी शिकत होता.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. आता पाहा. ज्याला आवडावे म्हणून हे सारे केले तोच उरला नाही. रमाबाईंना तेव्हा एकोणचाळिसावे वर्ष चालू होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे पोथी आणि जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसल्या असत्या, तर कोणी एक शब्द बोलले नसते. उलट टोमणे मारणाऱ्यांना समाधान वाटले असते. पण १९०९ साली पुण्यात त्यांनी सेवासदन उभे केले. शिक्षिका घडवल्या, परिचारिका घडवल्या. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून त्या झगडल्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. नवऱ्यामागची ही तेवीस वर्षे कोणाच्याही परीक्षेची नव्हती. धडा विचारणारे कोणी नव्हते. तरी धडा चालू राहिला.

१९१० साली त्यांनी 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' हे पुस्तक लिहिले. त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही ही त्या काळची रीत. मग चारशे ठिकाणी येणाऱ्या या माणसाला म्हणायचे काय? रमाबाई त्यांना 'स्वतः' म्हणतात. स्वतः आले, स्वतः बोलले, स्वतः बसले. १९३८ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला, त्याचे नावही 'हिमसेल्फ' असेच ठेवले गेले. मी हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा मधेच थांबून विचारात पडलो. जिने आपले नाव देऊन टाकले, तिने 'स्वतः' हा शब्दही नवऱ्यालाच देऊन टाकला! मग तिच्याजवळ उरले काय? उत्तर त्याच पुस्तकात आहे. हे सारे जी लिहिते आहे, हसते आहे, चुका कबूल करते आहे, ती उरली. आणि ती काही थोडी नव्हती.

या दोघींच्याच काळातल्या काशीबाई कानिटकर. त्यांचेही लग्न नवव्या वर्षी झाले. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती, हे कानावर आले आणि या मुलीने घरच्यांची नजर चुकवून वाचायला शिकून घेतले. नवऱ्याला आवडावे एवढाच हेतू. पण एकदा अक्षर कळले की ते कोणाच्या हेतूत मावत नाही. काशीबाई मराठीतल्या आद्य स्त्री-कादंबरीकार झाल्या. आनंदीबाई जोश्यांचे चरित्र मराठीत प्रथम त्यांनीच लिहिले. नवऱ्यासाठी शिकलेल्या एकीची कथा नवऱ्यासाठीच शिकलेल्या दुसरीने लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

आणखी एक आनंदी आहे. देवरुखकडची गोदू, आठव्या वर्षी विधवा झालेली. मोठेपणी ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि ११ मार्च १८९३ रोजी तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. नावाने आनंदीबाई झाली, पण लोक तिला बाया म्हणत. योगायोग असा, की पहिल्या आनंदीला पदवी मिळाली त्याच तारखेला सात वर्षांनी या आनंदीचे लग्न लागले. बाया कर्व्यांनीही आपली कहाणी लिहिली. ती १९४४ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'माझे पुराण'.

इतिहासाच्या मास्तराला असल्या गोष्टीत फार गोडी वाटते. १९१० साली 'आमच्या', १९४४ साली 'माझे'. चौतीस वर्षांत एक सर्वनाम बदलले. या एका सर्वनामासाठी किती जणींनी किती बोलणी खाल्ली असतील, याचा हिशोब कुठल्याही दप्तरात सापडायचा नाही.

आता माझ्या चपापण्याचे कारण सांगतो. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहितो, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्यासाठी कायद्याची सक्ती नाही. रीत आहे एवढेच. वीस वर्षांपूर्वी मीही असे एक नाव लिहिले. तेव्हा माझी पहिली कादंबरी अर्धी लिहून झाली होती आणि तिच्या नायिकेचे नाव माझ्या फार मनात भरले होते. तेच मी तांदळात लिहिले. बायकोला विचारले नाही. विचारायचे असते, हेच डोक्यात आले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने मान खाली घातली. मी समजलो, तिलाही आवडले.

त्यानंतर काही दिवस ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नव्या नावाची सही गिरवीत बसलेली मी पाहिली. मला फार कौतुक वाटले. माझ्यासाठी ती कादंबऱ्या वाचू लागली, मुद्रिते तपासू लागली. माहेरी ती गात असे हे मला पुष्कळ वर्षांनी, तेही तिच्या भावाकडून कळले. आमच्या घरी कोणी गात नव्हते, म्हणून तिने गाणे मिटवून ठेवले होते. अगदी त्या पितळी डब्यासारखे, माळ्यावर. ती कादंबरी आज कोणाच्या स्मरणात नाही. नायिका विस्मृतीत गेली. तिचे नाव मात्र आमच्या घरात रोज भाजी निवडते आणि बँकेत जाते.

डब्याचा प्रसंग झाला त्या रात्री हा लेख लिहायला बसलो आणि मधेच उठून तिला म्हणालो, "तुझं जुनं नाव परत घ्यायचं असेल तर घे. मी कागदपत्रांचं बघतो."

ती चकल्या तळत होती. झारा तसाच धरून म्हणाली, "आता कुठे परत घेताय? या नावानं मी दोन बाळंतपणं काढली, सासूबाईंचं आजारपण काढलं, बचत गटाचे हिशेब लिहिले. आता ते नाव तुमचंही नाही न् तुमच्या त्या नायिकेचंही नाही. माझं आहे." मग चकली उलटून म्हणाली, "पण तेव्हा विचारलं असतंत, तर बरं झालं असतं."

दोन यमुनांविषयी मी जे चार पानांत सांगू पाहत होतो, ते तिने चार वाक्यांत सांगितले. प्रेमाच्या माणसासाठी घेतलेले रूप आधी उसने असते. त्यात आपण कष्ट घातले, त्याच्यासाठी सोसले, प्रसंगी त्या माणसाच्या मर्जीविरुद्धही ते टिकवले, की ते आपले होते. आनंदीबाईंनी ते असे आपले केले, रमाबाईंनीही केले. म्हणून त्यांच्यापुढे हात जोडायचे. पण त्यांनी ते आपले करून दाखवले, एवढ्याने न विचारता देणाऱ्याचा दोष फिटत नाही. त्या थोर झाल्या हा त्यांचा पराक्रम. न विचारणे ही आमची चूक. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि इतिहास शिकवताना मी इतकी वर्षे पहिलीच तेवढी सांगत आलो.

यमुना प्रयागला गंगेला मिळते आणि तिथून पुढे तिचे नाव नाहीसे होते. पाणी नाहीसे होत नाही. संगमावर काही अंतर तिचा सावळा प्रवाह वेगळा दिसतो, मग तोही मिसळून जातो. पण आपल्या पूर्वजांनी मोठ्या शहाणपणाने यमुनेसाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवला आहे. आपण भाऊबीज म्हणतो, ती मूळची यमद्वितीया. यम आपल्या बहिणीच्या घरी जेवायला जातो तो दिवस, आणि त्याच्या बहिणीचे नाव यमुना. नदीचे नाव कुठेही गेलेले असो, भावाला ते ठाऊक असते.

दर भाऊबिजेला माझा मेहुणा सकाळच्या गाडीने येतो. बेल वाजवण्याचा धीर त्याला नसतो. फाटकातूनच तो बहिणीला तिच्या माहेरच्या नावाने मोठ्याने हाक मारतो. ते नाव इथे लिहायचे नाही, अशी तिची ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. पण त्या हाकेला ती आतून जी 'ओ' देते, तो आवाज वर्षातल्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत मला ऐकू येत नाही. यंदा मी ठरवले आहे, की फाटक आपण उघडायला जायचे नाही. माजघरात गप्प उभे राहून तो आवाज ऐकायचा.

आणि तो डबा यंदा माळ्यावर जाणार नाही. मुलीने त्यात अनारसे भरून ठेवले आहेत. नाव सगळ्यांना दिसेल, असे झाकण फिरवून.